नदीचा तळ चाळणारा

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात, उत्क्रांतीच्या प्रकरणात, 'जोडणारे दुवे' या मथळ्याखाली डकबिल प्लॅटिपस येतो आणि दोन ओळींत निघून जातो. तो सरीसृपांसारखा अंडी घालतो, पण त्याच्या अंगावर केस आहेत आणि मादीला दुग्धग्रंथी आहेत, म्हणून तो सस्तनांशी नाते सांगतो. मुले हे पाठ करतात, गुण मिळवतात आणि मराठी वाचकाचा प्लॅटिपसशी असलेला परिचय बहुतेक वेळा तिथेच थांबतो. पुढे कधी एखाद्या चित्रफितीत तो पुन्हा भेटलाच, तर बदकाची चोच, बीव्हरची शेपटी, पाणमांजराचे पाय आणि वर सापासारखे विष अशी भागांची यादी ऐकू येते. निवेदक हसतो, आपणही हसतो.

ही यादी खोटी नाही. पण तिच्यात प्राणी नाही. त्याहून मोठी अडचण 'दुवा' म्हणण्याची आहे. दुवा म्हटला की दोन्हीकडची टोके महत्त्वाची ठरतात आणि मधला जीव अर्ध्या वाटेवर थांबलेला वाटू लागतो. प्रत्यक्षात प्लॅटिपसच्या आणि आपल्या पूर्वजांच्या वाटा सोळा ते एकोणीस कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. तेव्हापासून जितका काळ आपली शाखा बदलत आली, तितकाच काळ त्याचीही. तो आपला पूर्वज नाही आणि कुणाचा कच्चा खर्डाही नाही. ज्या जागी तो राहतो त्या जागेसाठी तो पुरता घडलेला आहे. ती जागा म्हणजे पूर्व ऑस्ट्रेलियातल्या नद्यांचा आणि ओढ्यांचा तळ.

मी इथे ज्याविषयी लिहितो आहे ते प्लॅटिपसवरचे पुस्तक मला आवडले ते यासाठी. लेखकाने सुरुवात प्राण्यापासून न करता नदीपासून केली आहे. पहिल्या प्रकरणात प्लॅटिपस जवळजवळ दिसतच नाही. दिसतात ते काठ, मुळे, गोटे, पाण्याचा वेग आणि पाण्यातल्या अळ्या. घाईच्या वाचकाला हे प्रकरण ओलांडून पुढे जावेसे वाटेल. त्याने तसे करू नये. पुढे जे जे विचित्र म्हणून समोर येणार आहे, त्यातल्या बहुतेकांचा उलगडा या पानांत आधीच होऊन गेलेला आहे.

उत्तर क्वीन्सलँडमध्ये कुकटाउनच्या परिसरातल्या उबदार ओढ्यांपासून न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियामार्गे टास्मानियाच्या थंडगार तळ्यांपर्यंत त्याचा वावर आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात तो नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून तो जवळपास नाहीसा झाला. तिथल्या कांगारू बेटावर आज जे आहेत ते १९२८ ते १९४६ या काळात मुद्दाम नेऊन सोडलेल्यांचे वंशज. एवढ्या लांब पट्ट्यात हवामान टोकाचे बदलते आणि त्याबरोबर त्याचा आकारही. उत्तरेकडचे प्लॅटिपस लहान, एक किलोच्या आतबाहेर. टास्मानियातला दांडगा नर तीन किलोपर्यंत भरतो. सर्वसाधारण नर चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे ५० सेंटिमीटर, मादी थोडी आखूड. चित्रांमुळे तो आपल्या मनात बराच मोठा होऊन बसलेला असतो. खरा प्राणी पाहणारे बहुतेक लोक आधी त्याच्या लहानपणाने चकित होतात.

हवामान कसलेही असो, नदीकडून त्याची अपेक्षा सगळीकडे सारखीच असते. काठ मातीचा हवा, उभा हवा आणि झाडांच्या मुळांनी घट्ट धरलेला हवा, म्हणजे त्यात बीळ खोदता येते आणि ते कोसळत नाही. पाणी फार खोल नको. पाच मीटरच्या आतले बरे, कारण प्रत्येक बुडी एका श्वासावर मारायची असते. तळाशी गोटे, पडलेली खोडे आणि कुजणारा पाला हवा, कारण त्याखालीच त्याचे अन्न लपते. डोह आणि खळाळ आलटून पालटून असले तर उत्तम. वर निलगिरीची किंवा टी-ट्रीची फांदी झुकलेली असेल तर सावली पडते, पाणी गार राहते आणि पाला पाण्यात पडून अळ्यांची सोय होते. काठावरची झाडे तोडली की यातली एकेक गोष्ट निसटत जाते, हे पुढच्या प्रकरणांत कळते. पण त्याचा हिशेब इथेच मांडून ठेवला आहे.

आता प्राण्याकडे. संध्याकाळ झाली की तो बिळातून निघतो आणि रात्रीचे आठ-दहा तास, कधी त्याहून जास्त, एकच काम करतो. बुडी मारतो, तळ चाळतो, वर येतो, चावतो, पुन्हा बुडी. बुडी साधारण अर्ध्या ते एक मिनिटाची असते, क्वचित दोन मिनिटांच्या वर जाते. वर आल्यावर दहाएक सेकंदांची उसंत. तासाला सुमारे ७५ बुड्या. पाण्याखाली सापडलेले तो तिथे खात नाही, गालांतल्या पिशव्यांमध्ये भरतो. वर आल्यावर ते बाहेर काढून जबड्यातल्या कठीण, शिंगासारख्या पट्ट्यांनी भरडतो. प्रौढ प्लॅटिपसला दात नसतात. पिलांना येतात, पण बिळाबाहेर पडण्याच्या सुमाराला गळून जातात. आहारात कॅडिसमाशीच्या आणि मेमाशीच्या अळ्या, चतुरांची पाण्यातली पिले, झिंगे, गांडुळे आणि यॅबी नावाचे गोड्या पाण्यातले शेवंड. दिवसाला स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढे त्याला लागते, दूध पाजणाऱ्या मादीला त्याहूनही पुष्कळ जास्त. म्हणजे दोन किलोच्या नराला रोज चारशे ग्रॅम अळ्या, आणि त्याही एकेक करून वेचलेल्या.

आणि हे सगळे डोळे मिटून. त्याचे डोळे आणि कान ज्या एकाच खाचेत असतात ती बुडी मारताना बंद होते, नाकपुड्याही मिटतात. गढूळ पाण्यात, रात्री, दगडांखाली लपलेली अळी तो शोधतो कशी, हा प्रश्न हॅरी बरेल यांना पडला होता. न्यू साउथ वेल्समधल्या या हौशी निसर्गअभ्यासकाने कितीतरी वर्षे प्लॅटिपसमागे घालवून १९२७ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला आणि या प्राण्याला सहावे इंद्रिय असावे असा तर्क केला. उत्तर यायला १९८६ साल उजाडले. हेनिंग शाइख आणि त्यांच्या जर्मन-ऑस्ट्रेलियन सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, प्लॅटिपसची चोच वीज ओळखते. पाण्याखाली लपवलेला चालू सेल प्राण्याने बरोबर शोधून काढला.

चोच म्हणताना बदक डोळ्यांसमोर येते आणि तिथेच घोटाळा होतो. ही चोच टणक नाही. मऊ, ओलसर, कातडीने मढवलेली आहे आणि त्या कातडीत सुमारे ४०,००० विद्युतग्राही आणि ६०,००० स्पर्शग्राही दाटीने बसवलेले आहेत. कुठलाही प्राणी स्नायू हलवतो तेव्हा पाण्यात अतिशय क्षीण विद्युतक्षेत्र उमटते. झिंग्याने शेपूट झटकली की प्लॅटिपसला ते कळते. पोहताना तो डोके सेकंदाला दोन-तीन वेळा डावी-उजवीकडे फिरवत असतो, आणि वीज कुठल्या बाजूने जोरात आली यावरून दिशा ठरवतो. अंतराचे काय? झिंग्याच्या झटक्याने वीज उमटते तशी पाण्यात लाटही उठते. वीज तत्काळ पोहोचते, लाट जरा मागून. आकाशात वीज चमकल्यावर गडगडाट किती उशिरा आला यावरून ती किती लांब पडली हे आपण ताडतो, तसाच हिशेब त्याचा मेंदू करत असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे. बदकाची चोच लावलेला प्राणी, या वर्णनातली चोच एवढ्यानेच बाद व्हायला हरकत नाही.

शेपटीचेही तसेच. ती बीव्हरसारखी दिसते, पण पोहण्यासाठी तिचा उपयोग फारसा होत नाही. पोहण्याचे बळ पुढच्या पायांत. त्यांचे पडदे बोटांच्याही पुढे पसरतात आणि वल्ह्याचे काम करतात. जमिनीवर आल्यावर ते तळव्याखाली दुमडून नखे मोकळी केली जातात, म्हणजे खोदता येते. मागचे पाय सुकाणू धरतात आणि अंग विंचरतात. शेपटी हे चरबीचे कोठार आहे. अंगातली जवळपास निम्मी चरबी तिथे साठते आणि थंडीत, अन्न कमी असताना, ती खर्ची पडते. एखादा प्लॅटिपस खाऊन-पिऊन सुखी आहे की नाही हे जाणकार शेपटी चाचपून सांगतात.

त्याच्या शरीराचे तापमान ३२ अंश सेल्सियस असते. आपल्याहून पाच अंशांनी कमी, म्हणून जुन्या लेखकांनी त्यालाही अपुरा, अर्धवट उष्ण रक्ताचा ठरवून टाकले होते. पण टास्मानियात हिवाळ्यात गोठणबिंदूच्या आसपासच्या पाण्यातही तो हे ३२ अंश तासन्‌तास टिकवतो. यामागे त्याची लव आहे. चौरस मिलिमीटरला ६०० ते ९०० केस, दोन थरांत. आतल्या थरात हवा अडकून राहते आणि कातडी भिजत नाही. दुसऱ्या बाजूचे गणित मात्र तो सोडवू शकत नाही. उष्णता त्याला सोसत नाही. उन्हाळ्याच्या दुपारी गार बीळ आणि गार पाणी नसेल तर तो मरतो. हे लक्षात ठेवावे, कारण पुढे येणाऱ्या एका प्रसिद्ध मृत्यूचे कारण यातच आहे.

बिळे दोन प्रकारची. एक रोजचा मुक्काम करायचे. नर-मादी आपापल्या हद्दीत अशी कित्येक ठेवतात आणि आलटून पालटून वापरतात. दुसरे मादी पिलांसाठी खोदते ते. हे वीस-तीस मीटरपर्यंत लांब जाऊ शकते. शेवटी एक दालन असते. ओला पाला शेपटीखाली धरून ती आत नेते आणि अंथरते, येता-जाता मध्ये मध्ये मातीचे बांध घालून वाट बुजवते. पूर, ऊन आणि चोर या तिघांनाही हा बंदोबस्त पुरतो. अंडी बहुधा दोन, दीड-पावणेदोन सेंटिमीटरची, कवच चिवट कातड्यासारखे. ती त्यांना पोट आणि शेपटी यांच्या बेचक्यात धरून दहाएक दिवस उबवते. पिलू बाहेर येते ते आंधळे, बोडके आणि दोन सेंटिमीटरहूनही लहान. पुढचे तीन-चार महिने ते बाहेर येत नाही. मादीला स्तनाग्रे नसतात. दूध पोटावरच्या दोन ठिकाणांहून पाझरते आणि पिले ते लवेवरून ओढून घेतात. उघड्यावर आलेले दूध, तेही मातीच्या बिळात. अशा दुधात जंतू शिरायला कितीसा वेळ? २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाची सीएसआयआरओ ही संशोधन संस्था आणि डीकिन विद्यापीठ यांनी या दुधातल्या एका जंतुनाशक प्रथिनाची रचना उलगडली. तशी घडण तोपर्यंत दुसऱ्या कुठल्या प्रथिनात दिसली नव्हती.

आता इतिहास. या पुस्तकाचे माझ्या मते सर्वांत रसाळ प्रकरण हेच आहे, आणि त्यात दोन ठिकाणी मी लेखकाशी भांडलो आहे.

युरोपीय लोकांची या प्राण्याशी गाठ १७९७ च्या नोव्हेंबरात सिडनीजवळ हॉक्सबरी नदीच्या परिसरातल्या एका तळ्याशी पडली. गव्हर्नर जॉन हंटर यांनी तिथे एका आदिवासी माणसाला तो भाल्याने टिपताना पाहिले. त्या माणसाचे कौशल्य हंटरना नोंदवण्याजोगे वाटले. त्याला त्या प्राण्याविषयी काय ठाऊक आहे, हे विचारावेसे मात्र वाटलेले दिसत नाही. १७९८ मध्ये कातडे इंग्लंडला गेले. १७९९ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या जॉर्ज शॉ यांनी त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन छापले आणि त्यातच आपल्याला फसवणुकीची शंका येत असल्याचेही लिहिले. ती शंका वेडगळ नव्हती. पूर्वेकडच्या समुद्रांतून येणाऱ्या जहाजांवर माकडाचे धड आणि माशाची शेपटी शिवून केलेल्या 'जलपऱ्या' तेव्हा युरोपात विकल्या जात. शॉ यांनी शिवण शोधण्यासाठी कातड्याला कात्री लावली आणि त्या खुणा अजून दिसतात, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. लेखकानेही ती सांगितली आहे, तीही खात्रीच्या सुरात. मी असतो तर एवढ्या खात्रीने सांगितली नसती. गोष्ट जरा जास्तच देखणी आहे. शॉ यांनी शंका घेऊनही प्राण्याला शास्त्रीय नाव दिले, हे मला कात्रीपेक्षा मोठे वाटते.

पुढची ८५ वर्षे युरोपातले नामवंत एकाच प्रश्नावर भांडत राहिले. हा अंडी घालतो की पिले देतो? फ्रान्सचे जोफ्रवा सेंत-इलेर म्हणत, अंडी घालतो, म्हणून त्याला दूध असणे शक्य नाही. जर्मनीच्या योहान मेकेल यांनी १८२६ मध्ये मादीच्या दुग्धग्रंथींचे सविस्तर वर्णन छापले, तरी त्या दूध देत नसणार, असे सेंत-इलेर यांचे म्हणणे राहिलेच. लंडनचे रिचर्ड ओवेन दूध मान्य करत, पण अंडी पोटातच फुटत असणार असे धरून बसले होते. १८६४ मध्ये व्हिक्टोरियातल्या वूड्स पॉइंट गावच्या एका डॉक्टरने त्यांना कळवले की, पकडून ठेवलेल्या एका मादीने चक्क दोन अंडी घातली आहेत. ओवेन यांनी ते भीतीमुळे झालेल्या गर्भपातावर ढकलले. या काळात ऑस्ट्रेलियातले आदिवासी लोक विचारणाऱ्याला सांगतच होते की, हा अंडी घालतो. पण त्यांचे सांगणे पुरावा म्हणून धरले जात नव्हते.

शेवटी १८८४ मध्ये केंब्रिजचा विल्यम हे कॉल्डवेल हा तरुण क्वीन्सलँडमधल्या बर्नेट नदीवर तळ ठोकून बसला. त्याने शंभराहून अधिक आदिवासी माणसे प्राणी गोळा करायला लावली. एकिडना हे प्लॅटिपसचे काटेरी, अंडी घालणारे भाऊबंद हजारावर मारले गेले, प्लॅटिपसही पुष्कळ. ऑगस्टमध्ये त्याने एका मादीला गोळी घातली. तिने एक अंडे नुकतेच घातले होते आणि दुसरे गर्भाशयाच्या मुखाशी होते. चार शब्दांची तार सिडनीमार्गे मॉन्ट्रियलला गेली, तिथे ब्रिटिश असोसिएशनचे अधिवेशन भरले होते, आणि वाद मिटला. योगायोग असा की, २ सप्टेंबरला त्या तारेतली बातमी मॉन्ट्रियलच्या सभेला कळली, त्याच दिवशी ॲडलेडमध्ये विल्हेल्म हाके यांनी एकिडनाचे अंडे तिथल्या रॉयल सोसायटीपुढे ठेवले. आणखी एक गंमत आपल्या दहावीच्या पुस्तकाशी जोडलेली आहे. त्यात प्लॅटिपसच्या शेजारी दुसरा दुवा म्हणून लंगफिश दिला आहे. ऑस्ट्रेलियाचा लंगफिशही त्याच बर्नेट नदीचा रहिवासी, आणि कॉल्डवेल त्याच्याही अंड्यांच्या शोधात तिथे गेला होता.

माझे दुसरे भांडण इथे आहे. लेखक कॉल्डवेलला या कथेचा नायक करतो. ज्यांनी नदीकाठ पालथा घालून त्याला बिळे दाखवली, त्यांची नावे कुठल्याही कागदावर नाहीत, आणि ज्यासाठी एवढी कत्तल झाली ते उत्तर त्यांना आधीपासून ठाऊक होते. नायक म्हणायचेच असेल तर मी वूड्स पॉइंटच्या डॉक्टरला म्हणेन. त्याने घडले ते तसेच लिहून पाठवले.

१८३६ च्या जानेवारीत चार्ल्स डार्विन ब्लू माउंटन्सपलीकडे वॉलरवँगजवळच्या ओढ्यावर होता. संध्याकाळी त्याला पाण्यात खेळणारे प्लॅटिपस दिसले. त्याच दिवशी त्याने डायरीत इथल्या आणि बाकीच्या जगातल्या प्राण्यांच्या वेगळेपणाबद्दल विचार लिहून ठेवले. दोन निराळे निर्माते कामाला लागले होते की काय, असा प्रश्न तिथे येतो. या प्रसंगाला लेखकाने तीन पाने दिली आहेत आणि ती सार्थ आहेत.

विषाबद्दलचे प्रकरण मात्र लांबले आहे. नराच्या मागच्या पायाच्या घोट्याशी पोकळ नखी असते, तिच्यातून विष सुटते, विणीच्या हंगामात ते वाढते, त्यावरून ते मुख्यतः नरांच्या आपसातल्या झुंजीसाठी असावे. माणूस त्याने मरत नाही, पण वेदना आठवडे टिकते आणि मॉर्फिनलाही दाद देत नाही. कुत्री मेल्याची उदाहरणे आहेत. एवढे पुरे.

प्राणिसंग्रहालयांचा इतिहास वाचताना पहिल्या प्रकरणातली नदी पुन्हा आठवते. १९२२ मध्ये एक जिवंत प्लॅटिपस न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूमध्ये पोहोचला आणि दोन महिन्यांच्या आत मेला. १९४३ मध्ये विन्स्टन चर्चिल यांना ऐन महायुद्धात प्लॅटिपस हवे झाले. ऑस्ट्रेलियातले प्राणिअभ्यासक डेव्हिड फ्ली यांनी एक तरुण नर निवडला, त्याचे नाव विन्स्टन ठेवले, त्याच्यासाठी खास बिळासकट हौद बांधला आणि 'पोर्ट फिलिप' जहाजावर तो रवाना झाला. लिव्हरपूल काही दिवसांवर असताना तो मेला. पाणबुडीवर टाकलेल्या स्फोटकांच्या हादऱ्याने तो गेला, असे पुढे कित्येक वर्षे सांगितले जात होते. अलीकडे जहाजावरच्या नोंदी तपासल्यावर निराळेच दिसले. विषुववृत्ताजवळून जाताना तापमान कितीतरी दिवस २७ अंशांच्या वर राहिले होते. त्याचा जीव बहुधा उष्णतेने घेतला. त्याच वर्षी फ्ली यांनी व्हिक्टोरियातल्या हील्सव्हिल येथे प्लॅटिपसची बंदिवासातली पहिली वीण यशस्वी केली. दुसरी व्हायला त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे लागली. आज ऑस्ट्रेलियाबाहेर हा प्राणी फक्त अमेरिकेत सॅन दिएगोच्या सफारी पार्कमध्ये आहे, तोही २०१९ पासून. भायखळ्याच्या राणीच्या बागेत पेंग्विन आले म्हणून उद्या प्लॅटिपसही येईल, अशी आशा कुणी धरू नये.

एके काळी त्याच्या लवेच्या गोधड्या आणि टोप्या होत. १९१२ पर्यंत सगळ्या राज्यांनी शिकार बंद केली, आणि त्यानंतर त्याला मुद्दाम मारणारे कुणी उरले नाही असे म्हणायला हरकत नाही. धोका वाढला तो नकळत. धरणाने नदी अडली की खालच्या खळाळांचे पाणी आटते, वरचे डोह खोल आणि निर्जीव होतात, आणि वरचे प्लॅटिपस खालच्यांना भेटेनासे होतात. गुरे काठावर उतरली की दरडी ढासळतात आणि गाळ गोट्यांमध्ये भरतो. युरोपातून आणलेले कोल्हे उथळ पाण्यातून जाणाऱ्याला पकडतात. २०१९-२० चा दुष्काळ आणि वणवे यांनी डोहच्या डोह कोरडे पाडले. आणि मग यॅबी पकडायचा तो जाळीचा पिंजरा. सिडनीच्या ऑपेरा हाउससारखा दिसतो म्हणून त्याला 'ऑपेरा हाउस ट्रॅप' म्हणतात. यॅबीच्या वासाने प्लॅटिपस आत शिरतो, बाहेरची वाट सापडत नाही आणि श्वास संपला की काही मिनिटांत तो बुडतो. एका पिंजऱ्यात अनेक मेलेले सापडल्याच्या घटना आहेत. व्हिक्टोरियाने २०१९ मध्ये आणि न्यू साउथ वेल्सने २०२१ मध्ये त्याच्यावर बंदी घातली. काही डॉलरांची ती वस्तू. धरणाइतकी ती कुणाला महत्त्वाची वाटली नव्हती. व्हिक्टोरियाने २०२१ मध्ये प्लॅटिपसला 'असुरक्षित' प्राण्यांच्या यादीत घेतले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लेखी तो 'संकटाच्या उंबरठ्यावर' आहे.

शेवटचे प्रकरण सिडनीच्या दक्षिणेकडच्या रॉयल नॅशनल पार्कवर आहे. हे ऑस्ट्रेलियातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, १८७९ चे. तिथल्या हॅकिंग नदीतून प्लॅटिपस १९७० च्या दशकात दिसेनासा झाला. २०२३ च्या मे महिन्यात न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा प्लॅटिपस तिथे सोडले. आधी त्यांनी नदी तपासली: पाण्यात अळ्या किती, काठ कसा, दूषित पदार्थ काय. पुढे तिथेच जन्मलेले पिलू सापडले. या प्रकरणात लेखक उत्साहाच्या भरात 'परतला' हा शब्द पुन्हा पुन्हा वापरतो. दहा प्राणी आणि एक-दोन विणी एवढ्यावर मी तो शब्द वापरला नसता, आणखी काही उन्हाळे जाऊ दिले असते.

परदेशस्थ मराठी वाचकांसाठी एक पुरवणी. मेलबर्नमध्ये मराठी घरे थोडीथोडकी नाहीत, आणि शहरातून वाहणाऱ्या यारा नदीच्या वरच्या भागात, वॉरनडाइटजवळ किंवा डायमंड क्रीकसारख्या उपनगरी ओढ्यात, प्लॅटिपस आजही आहेत. वीस सेंटच्या नाण्यावर तो रोज हाताखालून जातो, पण पाण्यातला बहुतेकांनी पाहिलेला नसतो. पहाटे किंवा दिवस मावळताना जावे, काठावर हालचाल न करता उभे राहावे, टॉर्च पाण्यावर मारू नये. पृष्ठभागावर चपटे, लांबट काही येते, दहाएक सेकंद तोंड हलवत तरंगते आणि पाठीची कमान करून बुडते. बुडताना गोल तरंग उठतात आणि बुडबुड्यांची रांग तळावरून पुढे सरकते. क्वीन्सलँडमध्ये मॅकायजवळ युंगेला राष्ट्रीय उद्यानातल्या ब्रोकन रिव्हरवर पाहण्यासाठी ओटे बांधले आहेत, तिथे तो दिवसाही दिसतो. कुत्रा बरोबर असेल तर पट्टा सोडू नये. गुरगुरता कुत्रा ओढ्यात उतरला की त्या संध्याकाळी काही दिसत नाही. दिसलेच तर ऑस्ट्रेलियन कॉन्झर्वेशन फाउंडेशन सप्टेंबर महिन्यात लोकांकडून अशा नोंदी मागवते, तिथे ठिकाण आणि वेळ कळवावी. आणि नोंद करण्यापूर्वी शेपटी नीट पाहून घ्यावी. त्याच ओढ्यांत राकाली नावाचा पाणउंदीर राहतो, संधिप्रकाशात तो हुबेहूब प्लॅटिपस वाटतो. त्याची शेपटी बारीक असते आणि तिचे टोक पांढरे.